मोटोजीपी (मोटारसायकल शर्यतींची जागतिक मालिका): मागे पडलेला रायडर खरंच सुधारतोय का, हे हंगामाच्या मध्यावर कसं ओळखायचं?

ऐरोलीकर: ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या ग्रुपसाठी अर्ध्या हंगामाचा तक्ता करतोय. सध्या रकाने दोनच, क्रमांक आणि गुण. पंधरावा येणारा नववा आला की लगेच ‘गाडी रुळावर आली’ सुरू होतं. पण त्या दिवशी पुढचे सहा जण पडले असतील तर? नेमकं काय मोजायचं? एक्सेल येतं. मदत हवी आहे.

खारघर_पिटलेन: मोटोजीपीच्या साइटवर शर्यतीनंतर ‘अ‍ॅनालिसिस’ची पीडीएफ येते. प्रत्येक लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ, चार सेक्टर (फेरीचे चार तुकडे), टॉप स्पीड, सगळं त्यात असतं. पहिला लॅप, लाँग लॅप पेनल्टीचा (शिक्षा म्हणून लांबच्या वळणाने जावं लागतं तो) लॅप आणि रायडर ट्रॅकबाहेर गेला तो लॅप काढून टाका. उरलेल्यांचा मीडियन (वेळा क्रमाने लावल्यावर मधली येणारी) घ्या. सरासरी एका खराब लॅपनेही बिघडते. मग विजेत्याच्या मीडियनशी टक्क्यांत तुलना करा. साक्सनरिंग ट्रॅकचा लॅप ८१ सेकंदांच्या आसपास, सिल्व्हरस्टोनचा जवळपास १२०. लॅपमागे १ सेकंद मागे म्हणजे साक्सनरिंगला सव्वा टक्का, सिल्व्हरस्टोनला ०.८.

शेजारी त्याच कंपनीच्या गाडीवरचा सर्वांत वेगवान रायडर ठेवा. विजेत्याशी अंतर घटलं आणि याच्याशी तेवढंच राहिलं, तर सुधारली ती गाडी.

निकालपत्रातलं अंतर मात्र उचलू नका. पुढच्या टायरचा दाब १.८० बारच्या खाली राहिला तर मुख्य शर्यतीत १६ सेकंद आणि स्प्रिंटला (शनिवारच्या छोट्या शर्यतीला) ८ सेकंद जोडले जातात. २०२५ मध्ये कतारला रायडर व्हिन्यालेस दुसरा येऊन कागदावर चौदावा झाला. तुमचा तक्ता त्याला ‘घसरला’ म्हणेल, आणि ते साफ चूक आहे.

ऐरोलीकर: हे सोन्यासारखं आहे, आभार! स्प्रिंट आणि क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) धरू का?

घोडबंदरवाला: स्प्रिंट वेगळ्या शीटवर. अंतर निम्मं, पेट्रोल २२ ऐवजी १२ लिटर, टायर झिजायच्या आत शर्यत संपते. धडपडणाऱ्या रायडरचं दुखणं बहुतेकदा शर्यतीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात असतं. तिसरा ते आठवा लॅप आणि शेवटचे सहा लॅप, दोन्हींचे मीडियन काढून फरक बघा. तोच फरक मागच्या टायरला तेच कंपाउंड (रबराचा प्रकार, सॉफ्ट किंवा मीडियम) लावलेल्यांचाही काढा. सॉफ्टवाल्याला मीडियमवाल्याशी जोखू नका. पुढच्याशी अंतर बरेच लॅप एका सेकंदाच्या आत असेल तर तो अडकलेला आहे. गरम हवेत पुढचा टायर तापतो, दाब चढतो, ब्रेकिंगला भरवसा राहत नाही. ते लॅप त्याचा वेग दाखवत नाहीत.

क्वालिफाइंगचा लॅप कोणाच्या मागे लागून आला का, ते रिप्लेत पाहा. आणि पोलवरूनही (सुरुवातीच्या पहिल्या जागेवरूनही) निवाडा नको, शून्यावरूनही नको. २०२५ मध्ये क्वार्टारारोने सिल्व्हरस्टोनला पोल घेतली, शर्यतीत आघाडीवर असताना मागचं राइड-हाइट डिव्हाइस (गाडीची उंची कमी-जास्त करणारी यंत्रणा) अडकलं आणि गुण शून्य. वेग मात्र खरा होता.

खारघर_पिटलेन: एका वीकेंडवर तर अजिबातच विसंबू नका. त्याच वर्षी बान्याया जपानच्या मोतेगीला पोल, स्प्रिंट आणि मुख्य शर्यत तिन्ही जिंकला. पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियातल्या मांडालिकाला स्प्रिंटमध्ये शेवटचा, रविवारी पडला. मांडालिकाला टायर पुरवणारी मिशेलिन मागचा टायर जास्त कडक केसिंगचा (आतल्या सांगाड्याचा) देते, पकड वेगळी लागते. म्हणून टायरच्या केसिंगचाही एक रकाना करा. कडक केसिंगचे ट्रॅक आणि ओल्या शर्यती बाजूला ठेवून उरलेल्यांतल्या सलग तीन ठिकाणी विजेत्याशी अंतराचा टक्का उतरला, तरच ‘सुधारतोय’ लिहा.