मदत हवी आहे: आउटबोर्डची बॅटरी केबल उंदरांनी कुरतडली, जोड द्यावा की पूर्ण बदलावी?

आमची लहान फायबरची होडी मालवणजवळच्या देवबागला असते. मागे ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन) आहे, सेल्फ आणि दोरी दोन्हीवर चालू होणारं. वापर कर्ली खाडीतच, गरवायला (गळाने मासे धरायला) जाण्यापुरता. पावसाळ्यात होडी ताडपत्रीखाली होती, तेवढ्यात उंदरांनी लाल केबल कुरतडली. इंजिनाच्या झाकणात शिरते तिथून वीतभर अलीकडे रबर पार गेलंय, काही तारा तुटल्यात आणि उरलेल्यांवर हिरवी पूड आहे. थोडं रबर पुढे सोलून पाहिलं तर आतलं तांबंही काळं.

सेल्फ दाबला की नुसतं 'कट्' वाजतं. बॅटरी चांगली आहे, मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. दोरी ओढली की इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात लागतं, म्हणजे दुखणं केबलचंच असावं.

शेजारचे तांडेल (होडीचे नाखवा) म्हणतात, "टेप गुंडाळ, काय्येक होवचा नाय." गावातला वायरमन म्हणतो, खराब तुकडा कापून डाग मारून देतो. कंपनीची केबल मागवली तर कधी येईल याचा भरवसा नाही. मधेच जोड दिला तर खाऱ्या हवेत टिकेल का? आणि बाजारातली केबल घ्यायची तर किती जाडीची?

खारवी_मेकॅनिक:
टेपचा विचार सोडाच. या केबलला बहुतेक वेळा मधे फ्यूज नसतो. उघडी लाल तार इंजिनाच्या धातूला टेकली तर बॅटरीचा सगळा करंट तिथून वाहील, आणि पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते. आधी बॅटरीचं काळं टोक काढून ठेवा, मग लाल. दोरीवर इंजिन चालवायचं असेल तर बॅटरीशिवाय चालवायला परवानगी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. चालू इंजिनावर मात्र बॅटरी कधीच काढू नका, रेक्टिफायर (इंजिनाचा करंट बॅटरीजोगा करणारा भाग) जातो.

डागही नको. शिसं तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने केबल नेमकी त्या कडेला तुटते. शिवाय तुमचं तांबं आतपर्यंत काळं झालंय. खारं पाणी रबराखालून तारांमधून पुढे सरकतं, त्यामुळे कापत कापत चकचकीत तांब्यापर्यंत जाल तोवर केबल अपुरी पडेल. अखंड नवीन घाला.

साधा_इलेक्ट्रिशियन:
सहमत. फक्त केबल घेताना टोक खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही विकतात, आतून पांढरी निघाली तर परत करा. कल्हई केलेल्या बारीक तारांची मिळाली तर उत्तम. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) हायड्रॉलिक क्रिंपरने (लग आवळायच्या हत्याराने) दाबून घ्या, हातोडीने ठोकून नव्हे, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. बॅटरीवर विंग नट (हाताने फिरवायचे पंखवाले नट) असतील तर तेही बदला, थरथरीने ढिले होतात.

काळी केबलही तपासा. इंजिन न्यूट्रलला ठेवून कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. तेवढ्यात मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या अर्थ बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तीही गेली.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. लाल केबल इतकी उघडी असताना सेल्फ दाबायचं धाडस नाही, त्यामुळे नवीन घातल्यावरच काळी तपासतो. लांबी साधारण दोन मीटर आहे. १६ स्क्वेअर एमएम पुरेल का?

खारवी_मेकॅनिक:
जुन्या केबलच्या रबरावर जाडी छापलेली असते ती बघा, त्याहून बारीक घेऊ नका. एवढ्या इंजिनाला दोन मीटरसाठी १६ चालते. बॅटरी पुढे नाळीकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) हलवणार असाल तर २५ घ्या. झाकणात शिरते तिथलं रबरी बूच नवीन बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्याआधी केबल तिथेच घासून सोलेल.