पंखे फिरतात, पण मॉनिटरवर चित्र येत नाही

प्रश्न:
डेस्कटॉपचे बटण दाबल्यावर कॅबिनेटमधील पंखे फिरतात आणि मदरबोर्डवरील दिवेही लागतात, परंतु मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. आतील धूळ साफ करेपर्यंत संगणक व्यवस्थित चालत होता. ग्राफिक्स कार्ड जळाले असावे, असे एका परिचिताचे मत आहे. नवे कार्ड घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १:
साफसफाईनंतर लगेच बिघाड झाला असेल, तर कार्ड जळण्यापेक्षा एखादी जोडणी सैल झाल्याची शक्यता अधिक आहे, त्यामुळे खरेदीची घाई करू नये. संगणक मुळात सुरू होतो की नाही, हे आधी ठरवावे. मिनिटभर थांबून कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा यंत्र चालू आहे आणि केवळ चित्र पोहोचत नाही. अशा वेळी केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे ना, हे पाहावे, कारण वेगळे कार्ड बसवलेले असताना मदरबोर्डचे पोर्ट अनेकदा बंद राहतात. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरमध्ये तर अंगभूत ग्राफिक्सच नसते. कार्डाला पॉवर सप्लायची ६ किंवा ८ पिनांची वायर लागत असल्यास तीही घट्ट बसवावी, कारण मदरबोर्डवरील ज्या स्लॉटमध्ये (खाचेत) कार्ड बसते, त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅटच मिळतात.

प्रतिसाद २:
कॅप्स लॉक दाद देत नसेल, तर आधी रॅमवर (मदरबोर्डवर बसणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर) संशय घ्यावा. मुख्य वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. मग रॅम काढून पुन्हा बसवताना तिची खाच आणि स्लॉटमधील उंचवटा जुळवून, क्लिप ‘टक्’ आवाज करून बंद होईपर्यंत दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. रॅमच्या कडेच्या सोनेरी संपर्कपट्ट्या खोडरबराने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये अडकू शकतो. कोरडे, मऊ कापड पुरेसे आहे.

प्रतिसाद ३:
अनेक नव्या मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (संगणक सुरू करणारी डिस्क) असे चार छोटे दिवे असतात. त्यांपैकी जो लागलेलाच राहतो, तिथे संगणकाची सुरुवातीची तपासणी अडली असे समजावे. मात्र डीडीआर५ या प्रकारची रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात वीज बंद करू नये.

प्रश्नकर्ता:
कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता आणि डीरॅमचा दिवा विझत नव्हता. एका रॅमची क्लिप अर्धवट उघडी होती. ती बसवूनही फरक पडला नाही. ती रॅम काढल्यावर मात्र चित्र आले.

प्रतिसाद २:
आता चांगली रॅम काढून संशयित रॅम तिच्या जागी एकटीच बसवून पाहावी. चित्र आले, तर दोष रिकाम्या स्लॉटमध्ये किंवा त्यात साचलेल्या धुळीत आहे. आले नाही, तर फक्त रॅम बदलावी लागेल.