साउथ पार्क आणि मॉर्मन कुटुंब

'साउथ पार्क' ही अमेरिकन विनोदी कार्टून मालिका म्हणजे सगळ्याच धर्मांना सरसकट शिव्या, असं एक मत आहे. ते मला पटत नाही. २००३ सालचा मॉर्मन पंथावरचा भाग जरूर बघा. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला धर्मग्रंथ कोरलेले सोन्याचे पत्रे कसे सापडले, त्यावरून त्याने सांगितलेल्या मजकुराची ११६ पानं त्याचा लेखनिक मार्टिन हॅरिस याच्याकडून कशी गहाळ झाली, हे सगळं त्यात गाण्यातून येतं. पानं हरवली ती १८२८ साली, आणि ही घटना खुद्द मॉर्मनांच्याच इतिहासातली आहे. मालिकेतला शाळकरी मुलगा स्टॅन त्यावर सरळ प्रश्न विचारतो: तोच मजकूर पुन्हा जसाच्या तसा का सांगता आला नाही?

पण शेवट त्याहून मोठा आहे. या भागातल्या मॉर्मन कुटुंबातला मुलगा स्टॅनला सुनावतो की या गोष्टी रचलेल्या असल्या तरी मला प्रेमाचं घर मिळालंय, मला फक्त तुझी मैत्री हवी होती. श्रद्धा तपासताना माणसाचा मान राखणारं इतकं नेमकं लिखाण मी टीव्हीवर क्वचितच पाहिलंय.

सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथावरचा २००५चा भाग जास्त कडवट आहे. तिथे टीकेचा रोख पंथाच्या पैसे उकळण्यावर आहे, त्यामुळे तो कडवटपणा मला रास्त वाटतो. मालिकेतल्या 'शेफ' या पात्राला आवाज देणारे आयझॅक हेज त्याच पंथाचे होते. २००६च्या मार्चमध्ये ते मालिकेतून बाहेर पडल्याचं जाहीर झालं आणि इतर धर्मांची थट्टा चालली, स्वतःच्या पंथाची नाही, म्हणून अनेकांनी त्यांना दुटप्पी ठरवलं. मात्र पक्षाघातानंतर तो निर्णय त्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच घेतला, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं. तेवढं तरी त्यांच्या बाजूने लक्षात घ्यायला हवं.