मदत हवी आहे: विद्यापीठाच्या इनडोअर स्टेडियमचा घुमट, कॉलममध्ये मोमेंट (वाकवणारा जोर) फार येतोय

परभणीकर: स्टॅड सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल झालंय. घुमट पास, कॉलम फेल. साइज वाढवली की मोमेंट आणखी वाढतो. सोमवारी सबमिशन आहे. घुमटाच्या कडेने फिरणाऱ्या रिंग बीमची खोली किती घेऊ? लवकर सांगा.

मुरूम: स्पॅन? उंची? आरसीसी की स्टील? काहीच लिहिलं नाही.

परभणीकर: स्पॅन 60 मीटर, घुमटाची उंची 12. स्टील, वर पत्रा.

जुना ठेकेदार: पत्रा काहून? मे महिन्यात पोरं आत कबड्डी खेळतील कशी? रोममध्ये इटालियन इंजिनिअर नेर्वींनी 1957 साली साधारण एवढाच घुमट काँक्रीटच्या तयार तुकड्यांतून उभा केला. बाहेर वाय आकाराचे 36 तिरपे टेकू. आरसीसीच करा.

मुरूम: काका, त्या टेकूंचा बाहेर ढकलणारा रेटा धरायला जमिनीत प्रीस्ट्रेस्ड (आधीच ताणलेल्या तारांचं) काँक्रीटचं कडं आहे. आपल्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत ते परवडेल का? परभणीकर, माती कोणती?

परभणीकर: काळीच. खाली तीन मीटरवर मुरूम. पण मी मोमेंटचं विचारलंय.

शटल: बॅडमिंटन असेल तर भिंती गडद ठेवा, पांढरं शटल दिसत नाही. कोर्टच्या मागे खिडक्या नकोत.

मुरूम: रिंग कॉलमला फिक्स केलीय ना? तापमान 30 अंशांनी वाढलं की 30 मीटर त्रिज्येची रिंग जवळपास 11 मिमी बाहेर सरकते. कॉलम जितका जाड तितका तो तिला अडवतो, म्हणून मोमेंट चढतो. कॉलम आणि रिंगच्या मध्ये सरकणारं बेअरिंग द्या: केंद्रापासून बाहेरच्या दिशेने मोकळं, रिंगच्या दिशेने लॉक. घुमटाचा रेटा रिंगनेच ताणात घ्यायचा. तुमच्या मापांना दर चौरस मीटरला 100 किलो भार धरला तर रिंगमध्ये सुमारे 55 टन ताण येतो. आरसीसीत तो कितीतरी पट होईल, काका.

जुना ठेकेदार: आणि वळवाच्या वादळात हलकं छत उचललं गेलं तर? वजन असलेलं बरं.

मुरूम: म्हणून बेअरिंग वर उचललं जाणार नाही असंच घ्यायचं.

औसेकर: भूकंपाचा लोड केस (त्या भाराखालची तपासणी) घेतलाय का? 1993 चं किल्लारी आम्ही विसरलेलो नाही.

प्रवासी: विजापूरचा गोल घुमट पाहून या. आतून व्यास 38 मीटरच्या आसपास, पण टाळी किती वेळा परत येते! इथे पंचाची शिट्टी कुणाला कळेल? आतून आवाज शोषणारे पॅनेल लागतीलच.

परभणीकर: आवाजाचं नंतर बघू. बेअरिंग टाकून रन केलं, मोमेंट एकदम उतरला. पण आता वाऱ्याच्या केसमध्ये अख्खा घुमट एका बाजूला सरकतोय.

मुरूम: रिंगच्या दिशेचं लॉक राहिलं असेल. रिलीज (सरकायची मोकळीक) ग्लोबल एक्स-झेडमध्ये, म्हणजे अख्ख्या मॉडेलच्या ठरलेल्या दिशांत दिलेत की प्रत्येक कॉलमची दिशा फिरवून? सपोर्टचा स्क्रीनशॉट टाका.