वैद्यकीय इच्छापत्राला आता न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही

वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे पुढे आपण स्वतः सांगू शकलो नाही तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागते, असं इथे एकांनी लिहिलंय. ती अट २०१८च्या निकालातली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये ती काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. जाहीर व्याख्यानांत अजूनही जुनीच माहिती दिली जाते आणि लोक घाबरून बेत सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

खरी गडबड मजकुरात होते. 'मला नळ्या लावू नका' एवढंच लिहिलं तर डॉक्टर काय समजणार? ऑपरेशननंतर चार दिवसांचा व्हेंटिलेटरही नको, की बरं होण्याची आशा संपल्यावर नको? व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणं, नळीवाटे अन्न, प्रत्येकाबद्दल वेगळं लिहा. वेदनाशमन मात्र चालूच ठेवा, हेही लिहा. निर्णय कोण कळवणार त्यांची नावं घाला, एकापेक्षा जास्त चालतात. प्रत त्यांच्याकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. कपाटात कुलूपबंद कागद आयसीयूच्या दारात कुणालाच सापडत नाही.

कागद दाखवला की लगेच यंत्रं बंद होतात असंही नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ. यंत्रं बंद करावीत का, यावर प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. रुग्ण शुद्धीवर असून स्वतः ठरवू शकत असेल, तर त्याचा शब्दच चालतो.