‘जागा हरवली’, ‘ओळ सुटली’ की ‘बार चुकला’?

सूरसागर
बडोद्यात आमचा एक छोटा हौशी वाद्यवृंद आहे. व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, शिवाय गाणारे. बहुतेक जण भातखंडे लिपीवर, म्हणजे सा-रे-ग अक्षरांच्या स्वरलिपीवर वाढलेले, पण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी, आता संगणकावर म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला जातो. सगळ्यांसाठी मी मराठीत एक पानाची माहिती लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्याला अडले. ‘मोठा स्कोअर सरकवताना जागा हरवू नये म्हणून’ असं लिहिलं होतं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ गायिकेने ते वाचून मनापासून विचारलं, “कुठली जागा? अंतऱ्यातली?” त्यांचं बरोबर होतं. इथे नेमका शब्द कोणता वापरावा?

वाडीकर
ताई, गाणाऱ्यांपुढे ‘जागा’ हा शब्द टाळाच. ‘काय जागा घेतली!’ ही दाद आहे. त्या अर्थाने जागा म्हणजे चिजेतला मोक्याचा, खुलवलेला स्वरसमूह. ती घेतात, दाखवतात, कधी एखाद्याची उचलतात. ‘जागा हरवली’ म्हटलं तर शिकलेली एखादी हरकत विसरली असंच गायक समजेल. इतर ठिकाणी मात्र ‘पुस्तकातली जागा’ चालते, त्यात काही वावगं नाही.

ग्वाल्हेरकर
‘ठाव’ कसा वाटतो? ‘ठावठिकाणा’मुळे सगळ्यांच्या कानावरचा आहे, आणि ‘ठाव लागत नाही’ असं आपण म्हणतोच.

वाडीकर
शब्द सुंदर आहे, पण आपण तो खोली मोजायलाही वापरतो, मनाचा ठाव, पाण्याचा ठाव. शिवाय तबल्याच्या तालमीत ‘ठाय’, म्हणजे मूळची लय, आहेच. ठाय, दुगुन, चौगुन म्हणणाऱ्या मुलाला ‘ठाव सुटला’ म्हटलं तर तो लय बघायला लागेल.

सूरसागर
काल स्वतः स्कोअर सरकवताना एक गोष्ट लक्षात आली, आणि माझा घोळ शब्दाआधीचा आहे हे कळलं. आपण दोन वेगळ्या गोष्टी गमावतो. पान मोठं करून उजवीकडे गेलं की डावीकडची वाद्यांची नावं पडद्याबाहेर जातात. मग समोरची ओळ दुसऱ्या व्हायोलिनची की पहिल्या, ते कळत नाही, कारण दोन्हींच्या ओळीच्या सुरुवातीला तीच ट्रेबल क्लेफ ही खूण. हे एक. दुसरं म्हणजे ओळ माहीत असते, पण 84व्या बारात, म्हणजे दोन उभ्या रेषांमधल्या घरात, होतो की 94व्या, तेवढंच जातं. एक उभ्या दिशेचं हरवणं, दुसरं आडव्या दिशेचं. या दोन्हींना मी ‘जागा’ हा एकच शब्द लावत होते. पहिल्यासाठी ‘ओळ सुटली’ हे मराठीत तयारच आहे, पोथी वाचणारेही तसंच म्हणतात. दुसऱ्यासाठी ‘आवर्तन चुकलं’ कसं वाटतं?

दांडिया बाजार
ताई, ‘ओळ सुटली’ला माझं पूर्ण मत. ‘आवर्तना’ला नाही. बार म्हणजे आवर्तन, तालाचा पूर्ण फेरा, नव्हे. तीनतालाच्या 16 मात्रा आपण बहुधा चार-चार मात्रांच्या चार बारांत लिहितो, म्हणजे बार आपल्या विभागाच्या जवळचा. स्कोअरमध्ये त्याला बारच म्हणा, बँडवाले तेच म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही.

आता भातखंड्यांच्या छापील पानाकडे बघा. तिथे ही अडचण फारशी येतच नाही, आणि का येत नाही ते तुमच्या मंडळींना जरूर सांगा. साधारणपणे एका ओळीत एक आवर्तन. विभाग एकाखाली एक, तळाशी तालाच्या खुणा. बंदीश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर ओळीच्या सुरुवातीला ० ही खालीची खूण, मग ३ ही टाळीची, आणि × ही समेची खूण तिसऱ्या घरात, पण प्रत्येक ओळीत त्याच तिसऱ्या घरात. डोळा एका उभ्या रेषेत खाली उतरतो आणि समेवर समच सापडते. स्टाफच्या, म्हणजे पाच आडव्या रेषांच्या पाश्चात्त्य लिपीत बारांची रुंदी स्वरांच्या गर्दीप्रमाणे कमी-जास्त होते. सोळा जलद स्वरांचा बार लांब, एका लांब स्वराचा आखूड. ओळीखाली ओळ आली तरी बाराखाली तोच बार येत नाही. म्हणून तिथे डोळ्याला आकड्याचा आधार लागतो.

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही हेही सांगतो. 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली, तीही स्वरलेखनाच्या आधारे शिकवायला. 1916ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, त्यामागे भातखंडे होते. कागदावरचं गाणं कसं वाचावं यावर या गावात पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं आहे.

ग्वाल्हेरकर
काका, बार पटला. मग क्रियापद ‘सुटणे’ की ‘चुकणे’?

दांडिया बाजार
सुटणे म्हणजे हातातलं निसटणे: दोर सुटतो, ओळ सुटते. चुकणे म्हणजे भलतीकडे जाणे: वाट चुकते, सम चुकते. ओळ नजरेतून निसटते म्हणून ती सुटते. बारावर मात्र आपण परत येतो, पण वेगळ्याच बारावर, म्हणून तो चुकतो. ‘हरवणे’ वस्तूंसाठी ठेवा.

वाडीकर
आणि धरून ठेवण्यासाठी? ‘बोट ठेवणे’ म्हणावं तर त्याला दोष दाखवण्याचा अर्थ चिकटला आहे. ‘खूण’ बरी. स्कोअरमध्ये ठरावीक बारांवर चौकटीत लिहितात ती ए, बी, सी अक्षरं खुणाच आहेत.

सूरसागर
‘बोट’ मी तरीही एका ठिकाणी ठेवणार आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये खरंच बोटासारखी एक गोष्ट आहे: निवडलेला स्वर. तो निळा होतो. आपण स्कोअरमध्ये कितीही दूर फिरून आलो तरी तो निवडलेलाच असतो. डावा किंवा उजवा बाण दाबला की निवड शेजारच्या स्वरावर जाते आणि दृश्य तिथे परत येतं. वरचा-खालचा बाण मात्र दाबायचा नाही, त्याने स्वरच वर-खाली होतो. आमच्या तालमीत एकदा असाच कोमल गंधार शुद्ध होऊन बसला आणि वीस मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

मसुदा आता असा आहे:

‘ओळ सुटू नये म्हणून सलग दृश्य निवडा. त्यात स्कोअर पानांत न तुटता एका लांब पट्ट्यासारखा दिसतो आणि उजवीकडे गेलं तरी वाद्यांची नावं डाव्या कडेला टिकून राहतात. बार चुकला तर कंट्रोल आणि एफ दाबून बाराचा आकडा लिहा, स्कोअर तिथे जाईल. पान हवं असेल तर आकड्याआधी पी लिहा. दर मुखड्याला आणि अंतऱ्याच्या सुरुवातीला कंट्रोल आणि एमने खूण घाला. तालमीत “बी खुणेपासून” म्हटलं की सगळे एकाच बारावर येतील.’

सिबेलियस या दुसऱ्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या सलग दृश्याला पॅनोरमा म्हणतात आणि डोरिको या तिसऱ्यात गॅली. नावं वेगळी, मराठीत ‘सलग दृश्य’ दोन्हींना पुरेल.

दांडिया बाजार
छान झालं आहे. फक्त ‘टिकून राहतात’च्या जागी ‘ठाम राहतात’ करा. आणि तालाच्या खुणा वेगळ्या असल्याने मसुद्यात ‘खूण’ऐवजी ‘अक्षरखूण’ लिहा, नाहीतर आमच्यासारखे × शोधत बसतील.

सूरसागर
‘अक्षरखूण’ घेतलं, काका. ‘टिकून’ तसंच ठेवते, ‘ठाम’ माणसाला शोभतं.