मदत हवी आहे : बंद गाडीत एकटं मूल, सोसायटीच्या सूचनेचा मसुदा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावायला मराठी सूचना तयार करतो आहोत. वकील आणि सोसायटी कमिटीवर काम केलेल्यांनी कृपया तपासून द्यावी.

टेक्सासच्या कायद्यात स्पष्ट आकडे आहेत: 7 वर्षांखालचं मूल, 5 मिनिटांपेक्षा जास्त वेळ, सोबत 14 वर्षांचं किंवा मोठं कोणी नाही, की गुन्हा. फ्लोरिडात 6 वर्षांखालच्या मुलासाठी 15 मिनिटं. इंजिन चालू असेल किंवा जिवाला धोका असेल तर तेवढीही सूट नाही. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 75 (मुलाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष) आणि मोटार वाहन अधिनियमाचं कलम 126 (सार्वजनिक ठिकाणी चालकाविना चालू इंजिन) असे तुकडे जोडावे लागतात. 'एसी चालू आहे, पाचच मिनिटं' ही सबब सार्वजनिक ठिकाणी 126 पुढे टिकत नाही, म्हणून हे कलम सूचनेत सर्वांत वर घेतलं आहे; पण सोसायटीच्या खासगी पार्किंगला ते लागू होतं का, हे वकिलांनी तपासावं.

अडतं ते काच फोडण्यापाशी. क्रम असा लिहिला आहे: चारही दारं ओढून पाहा, 112 लावा, वॉचमनला मालकाचा फ्लॅट शोधायला पाठवा. मूल सुस्त दिसलं तर थांबू नका. मुलापासून लांबच्या बाजूच्या काचेचा कोपरा फोडा. पुढची काच नको, तिच्या दोन थरांमधल्या प्लास्टिकमुळे ती तडकते पण सुटत नाही. काच किंचित खाली असली तरी गाडी तापतेच, हेही ठळक छापायचं आहे.

फोडणाऱ्याच्या बचावासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 19 (दुसरी हानी टाळण्यासाठी गुन्हेगारी हेतूविना केलेलं कृत्य) पुरेसं आहे, की कलम 30 (संमतीविना, पण त्या व्यक्तीच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेलं कृत्य) सुद्धा उद्धृत करावं? आणि उपविधींत दंडाची तरतूद करून ठराव केलेली सोसायटी असेल, तर त्याची भाषा मिळेल का?